जुन्या छापाची मराठी पुस्तके : प्रस्तावना

१८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे लहानसे पुस्तक छापले गेले. लेखिका ताराबाई शिंदे वऱ्हाडातल्या बुलढाण्याच्या. प्रती निघाल्या ५००, किंमत नऊ आणे. १८८५ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात या पुस्तकाची बाजू घेतली. त्यानंतर मराठी वाङ्मयाच्या इतिहासातून ते जवळजवळ पुसले गेले. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले आणि आज भारतातल्या स्त्रीवादी विचाराचा इतिहास लिहिणाऱ्या कोणालाही ते टाळून पुढे जाता येत नाही. मधली नव्वदहून अधिक वर्षे या पुस्तकाचा जीव फक्त उरलेल्या प्रतींमध्ये होता. त्या प्रती कोणी वाचून, कोणी न वाचताच, पण रद्दीत न घालता ठेवल्या होत्या.

गोविंद नारायण माडगावकरांच्या ‘मुंबईचे वर्णन’ची कथा याच्याच जवळची आहे. १८६३ साली निघालेला हा ग्रंथ म्हणजे मुंबई शहरावरचे मराठीतले पहिले मोठे पुस्तक. दुसरी आवृत्ती निघायला १९६१ उजाडावे लागले. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने ती काढली, न. र. फाटकांनी संपादली. ९८ वर्षे पुनर्मुद्रण नाही, म्हणजे तीन-चार पिढ्यांना हे पुस्तक ज्याच्याकडे जुनी प्रत आहे त्याच्या ओसरीवर जाऊनच वाचावे लागले.

जुन्या आणि पहिल्या आवृत्त्यांचा संग्रह म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे लिलाव, काचेची कपाटे आणि आकडे येतात. इंग्रजी पुस्तकांच्या जगात तसे घडतेही. मराठीत या छंदाचे कारण वेगळे आहे आणि ते मला फार मोलाचे वाटते. आपल्याकडे पुस्तके कमी छापली गेली, कमी वेळा छापली गेली आणि सार्वजनिक ठिकाणी त्याहून कमी जपली गेली. त्यामुळे खाजगी कपाटात टिकलेली एखादी प्रत हा पुष्कळदा त्या पुस्तकाचा शेवटचा पुरावा असतो. जुनी पुस्तके जमवणारा माणूस मराठी वाङ्मयाच्या इतिहासाची साधने सांभाळत असतो, त्याला स्वतःला तसे वाटो वा न वाटो. हे काम डोळसपणे व्हावे म्हणून हे पुस्तक लिहिले आहे.

संग्रहाला सुरुवात करणाऱ्याने प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मराठी मुद्रणाचा आरंभ पुण्यामुंबईत झालेला नाही. तो शोधायला गोव्यात, बंगालमध्ये आणि तमिळ मुलखात जावे लागते.

गोव्याला छापखाना आला १५५६ साली, सेंट पॉल कॉलेजात. तिथून पुढे साठ वर्षांनी, १६१६ मध्ये, राशोल येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ रोमन लिपीत छापले गेले. स्टीफन्स जन्माने इंग्रज, १५७९ मध्ये गोव्यात आलेले. त्यांनी मराठी इतकी आत्मसात केली की हजारो ओव्यांचे पुराण रचले. ज्या वर्षी हा ग्रंथ निघाला त्याच वर्षी शेक्सपिअर वारला, आणि सात वर्षांनी लंडनमध्ये त्याच्या ३६ नाटकांचा पहिला फोलिओ प्रसिद्ध झाला. फोलिओच्या सुमारे ७५० प्रती निघाल्या असाव्यात असे अभ्यासक मानतात आणि त्यांतल्या २३० हून अधिक आज ठावठिकाण्यासह माहीत आहेत. ‘क्रिस्तपुराणा’च्या सतराव्या शतकात तीन आवृत्त्या झाल्या, १६१६, १६४९ आणि १६५४ च्या. या तिन्हींपैकी एकही छापील प्रत आज कोठे असल्याचे ज्ञात नाही. ग्रंथ आपल्यापर्यंत आला तो हातांनी केलेल्या नकलांवरून. त्यांच्या आधारे जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरला तो छापला. देवनागरीतली एक नक्कल लंडनला मार्सडेन संग्रहात सापडली.

हे दोन आकडे, २३० आणि शून्य, मी मुद्दाम शेजारीशेजारी ठेवतो. फोलिओतली निम्मी नाटके त्याआधी कधीच छापली गेली नव्हती. तो ग्रंथ निघाला नसता तर ‘मॅकबेथ’ आज जगाला माहीत नसते. लंडनच्या त्या पुस्तकाला श्रीमंत घरे, विद्यापीठे आणि पुढे संग्राहक मिळाले. राशोलच्या पुस्तकाच्या वाट्याला दमट हवा, वाळवी आणि १६८४ चा पोर्तुगीज हुकूम आला. त्या हुकुमाने लोकांच्या बोलीवरच बंदी घातली. ज्या भाषेवर सरकारची खप्पामर्जी, तिची पुस्तके घरात ठेवण्याची हौस किती जणांना राहणार? गोव्यातली, कारवारमधली, मंगळूरकडची जुनी ख्रिस्ती घराणी, चर्चमधली बंद कपाटे, लिस्बनमधली न चाळलेली बाडे, यांत एखादी प्रत असू शकते ही आशा मी सोडलेली नाही. सापडली तर ती मराठी ग्रंथविश्वातली सर्वांत मोठी घटना ठरेल.

देवनागरीतला आरंभ बंगालमध्ये, श्रीरामपूरला झाला. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये निघाले आणि कोश १८१० मध्ये. त्याच्या मदतीला नागपूरकडचे पंडित वैजनाथ होते. श्रीरामपूरकरांनी मोडीचे खिळेही पाडले आणि मोडीत ‘सिंहासन बत्तिशी’ (१८१४), ‘हितोपदेश’ (१८१५) अशी पुस्तके काढली. ११ मार्च १८१२ रोजी त्या छापखान्याला आग लागली, खिळे, कागद, हस्तलिखिते जळाली. म्हणून आगीपूर्वीच्या श्रीरामपुरी मराठी पुस्तकांचे मोल आणखी वाढते. मोडीतली पुस्तके आज फारशी कोणाला ओळखू येत नाहीत याचे कारण साधे आहे, मोडी वाचता येत नाही. बाजारात मोडीतले छापील पुस्तक ‘जुने दप्तर’ म्हणून फेकल्या दराने जाते, आणि त्याच ढिगातली एखादी तकलादू पण देवनागरी पोथी चढ्या भावाने. ज्याला खरोखर या वाटेने जायचे आहे त्याने मोडी शिकावी. सहा महिन्यांचे काम आहे, आणि त्याने जे दार उघडते ते पैशाने उघडत नाही.

तिकडे तंजावरला सरफोजीराजांनी आपल्या दरबारी छापखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच इसापच्या गोष्टींचे मराठी रूप, ‘बालबोध मुक्तावली’, छापून घेतले. मिरजेला १८०५ मध्ये पटवर्धनांच्या आश्रयाने तांब्याच्या पत्र्यांवर कोरून गीता छापली गेली. त्या कामाची मुळे नाना फडणविसांच्या पुण्यात, चार्ल्स मॅलेटच्या सहवासात तांबटांना मिळालेल्या शिक्षणात होती. पेशवाई टिकली असती तर पुण्यात छापखाना कधी आला असता, हा विचार मनात येतोच. तो तिथेच सोडून मुंबईकडे वळू.

मुंबईत अमेरिकन मिशनने १८१७ पासून मराठी छपाई केली. पुढे कुरिअर छापखान्यातून ‘पंचोपाख्यान’ (१८२२), ‘विदुरनीति’ (१८२३) ही पुस्तके आली. मग शिळाछाप आला आणि मराठी पुस्तकाचे रूपच पालटले. खिळ्यांनी देवनागरी छापायची तर काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरे धरून शेकडो निराळे खिळे लागत. दगडावर छापायचे तर सुंदर हस्ताक्षराचा लेखनिक पुरे. पोथ्या लिहिणारे हात तेव्हा गावोगाव होतेच. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम शिकलेले गणपत कृष्णाजी यांनी स्वतःच्या कल्पनेने शिळायंत्र उभारले आणि १८३१ मध्ये पंचांग छापले. माडगावकरांनी त्यांची हकीगत लिहून ठेवली आहे. छापील कागदाला शिवायला लोक कसे कचरत, शाईत चरबी असते या संशयाने धर्मग्रंथ छापलेले कसे चालत नसत, आणि तुपाची शाई करून त्यावर तोड कशी काढली गेली, हे सारे त्यात आहे. छापलेले पुस्तक आडव्या, सुट्या पानांच्या पोथीच्या आकाराचे ठेवण्यामागेही हीच दृष्टी होती. वाचणाऱ्याला आपण आजोबांचीच पोथी सोडतो आहोत असे वाटावे.

याच काळात, १८४५ साली, बाळशास्त्री जांभेकरांनी ‘ज्ञानेश्वरी’ शिळाछापावर प्रसिद्ध केली. ज्ञानेश्वरीचे हे पहिले मुद्रण. पुढच्याच वर्षी ऐन तारुण्यात बाळशास्त्री गेले. त्यांच्या ‘दर्पण’चे नाव शाळकरी मुलालाही ठाऊक असते. या ज्ञानेश्वरीचे नाव मात्र अभ्यासकांपुरते राहिले. माझ्या मते तिची प्रत दिसली तर संग्राहकाने इतर खर्च थांबवावा.

प्रत हातात आल्यावर काय पाहायचे? पहिली परीक्षा बोटांची. पान उलटे करून हलक्या हाताने फिरवले तर खिळ्यांनी छापलेल्या पानाच्या मागे अक्षरांचा दाब लागतो. शिळाछापाचे पान सपाट असते. दुसरी परीक्षा शिरोरेषेची. जुन्या खिळाछापात दोन अक्षरांच्या मध्ये शिरोरेषेला केसाएवढी फट दिसते, कारण प्रत्येक खिळा सुटा. शिळाछापात लेखनिकाने ओढलेली रेघ सलग, कधी किंचित लहरती, आणि एकाच पानातले दोन ‘क’ तंतोतंत सारखे नसतात. निर्णयसागरच्या काळापर्यंत खिळे इतके देखणे झाले की ही फट शोधावी लागते. जावजी दादाजींनी १८६४ मध्ये टाइपाचा कारखाना आणि १८६९ मध्ये छापखाना काढला. राणोजी रावजी आरू यांच्यासारख्या कसबी माणसाने कोरलेल्या त्या अक्षरांनी देशभर संस्कृत-मराठी ग्रंथांना एक वळण दिले. निर्णयसागरचे कोणतेही पुस्तक शुद्ध छपाईसाठी डोळे मिटून घ्यावे, असे माझे मत आहे. त्यांच्या काव्यमालेतले ग्रंथ अजूनही सवडीने मिळतात.

तिसरी गोष्ट कालाची. जुन्या पुस्तकांवर शक असतो, आणि शिळाछाप पोथ्यांत तो मुखपानावर नसून शेवटच्या पानाच्या अखेरीस, हस्तलिखितांच्या रीतीने, दिलेला असतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण मजकूर पौष-माघ-फाल्गुनातला असेल तर ७९ मिळवावे लागतात. एका वर्षाच्या या फरकाने सूचीत एकच आवृत्ती दोनदा नोंदली जाते.

चौथी आणि मला सर्वांत प्रिय गोष्ट म्हणजे मूळ मजकुराबाहेरची पाने. एकोणिसाव्या शतकातल्या पुष्कळ पुस्तकांना मागे आश्रयदात्यांची यादी जोडलेली असते. पुस्तक छापण्याआधी वर्गणी भरलेल्यांची ती नावे. त्यात मामलेदार असतात, शाळामास्तर असतात, संस्थानिक असतात, कधी दूरच्या इंदूर-बडोद्याचे कारकून असतात. मराठी वाचक म्हणून जो वर्ग पुढे उभा राहिला त्याचा पट या यादीत दिसतो. नवी आवृत्ती काढताना ही पाने सर्वांत आधी गळतात. तीच गत शुद्धिपत्राची, अर्पणपत्रिकेची आणि मलपृष्ठावरच्या जाहिरातींची. लेखकाची सही किंवा शिक्का नसलेली प्रत चोरून छापलेली समजावी, अशी सूचना देऊन त्याखाली खरोखर शाईची सही केलेली पुस्तके मी पाहिली आहेत. शंभरसव्वाशे वर्षांपूर्वी लेखकाने प्रत्येक प्रत हातात घेतली होती, याचा तो दाखला. वाचनालयाच्या बांधणीत पुठ्ठा चढवताना मूळ वेष्टन फाडून टाकण्याची पद्धत होती, म्हणून वेष्टनासकट मिळालेली साधीसुधी प्रत ही कातडी बांधणीच्या सुबक प्रतीपेक्षा अधिक बोलकी असते. जुन्या मालकांच्या खुणांनाही मी जपतो. शाळेच्या बक्षिसाची चिठ्ठी, समासातला अर्थ, सासरी जाताना मुलीला दिल्याची ओळ. नव्या पांढऱ्या पानांच्या हव्यासाने त्या खोडणारे विक्रेते आहेत. त्यांच्याकडून काही घेऊ नये.

आता आवृत्त्यांकडे. पहिली आवृत्ती हवीच, पण ती कशासाठी हवी हे समजून घेतले पाहिजे. पहिली म्हणजे निर्दोष, असे नाही. विष्णुभट गोडशांचा ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये चिंतामण विनायक वैद्यांनी प्रसिद्ध केला. १८५७ च्या धामधुमीचा डोळ्यांनी पाहिलेला असा मराठी वृत्तांत दुसरा नाही. पण वैद्यांनी भाषेवर हात फिरवला होता, मजकुरात काटछाट आणि भर केली होती. मूळ हस्तलिखित भारत इतिहास संशोधक मंडळाकडे आले आणि दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये ते जसेच्या तसे छापले. तेव्हा गोडशांचा खरा शब्द हवा असेल तर पोतदारांची आवृत्ती घ्यावी. वैद्यांची आवृत्तीही हवी, कारण साठ वर्षे महाराष्ट्राने तीच वाचली आणि झाशीच्या राणीची मराठी मनातली प्रतिमा तिच्यातूनही घडली. एका पुस्तकाच्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवल्या की दोन काळ दिसतात. संग्राहकाने एकाच शीर्षकाच्या अनेक प्रती का ठेवाव्यात, असे घरचे विचारतात तेव्हा हे उत्तर द्यावे.

ज्ञानेश्वरीचेही असेच. जांभेकरांनंतर अण्णा मोरेश्वर कुंटे यांची प्रत आणि १९०९ मध्ये इतिहासाचार्य राजवाड्यांची. राजवाड्यांनी जुन्या पोथीच्या आधारे भाषेचे जुने रूप समोर ठेवले आणि त्यावर जो वाद पेटला तो पुढच्या सगळ्या संपादकांना पुरला. तुकोबांच्या गाथेची इंदुप्रकाश छापखान्यातली आवृत्ती विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी १८६९ आणि १८७३ अशा दोन खंडांत सिद्ध केली. देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर इथल्या वह्या मिळवून त्यांनी पाठ ताडून पाहिले. मुंबई सरकारने या कामाला २४,००० रुपये दिले होते, आणि त्या काळात ही रक्कम डोळे विस्फारणारी होती. वारकऱ्यांच्या तोंडी असलेला अभंग, फडावरच्या वहीतला अभंग आणि पंडितांनी निवडलेला पाठ यांतले अंतर ज्याला पाहायचे आहे त्याला या दोन खंडांशिवाय गत्यंतर नाही. ते जड आहेत, बहुतेक वेळा एकच खंड सापडतो. तोही घ्यावा. दुसरा येतो.

कादंबऱ्यांत आणखी एक पेच आहे. हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो’ आधी ‘करमणूक’ साप्ताहिकातून आली, पुस्तक १८९३ मध्ये झाले. मग तिचे पहिले रूप कोणते? माझे उत्तर ठाम आहे, साप्ताहिकाचे अंक. यमूची गोष्ट दर आठवड्याला थांबत थांबत वाचणाऱ्या बायकांनी ती तशीच वाचली होती. पण ‘करमणूक’चे पूर्ण संच आज दुर्मीळ आहेत, कारण नियतकालिके रद्दीत पहिली जातात. चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’ने १८७४ ते १८८१ या काळात ८४ अंक दिले. ते बांधून ठेवण्याची पद्धत होती म्हणून बरे वाचले. १८७८ पासूनच्या ‘काव्येतिहाससंग्रहा’त बखरी आणि जुनी कविता पहिल्यांदा छापली गेली, तोही खंडांत मिळतो. १९०९ चा ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक मात्र सहज हाती लागेल अशी आशा धरू नये.

शुद्धलेखनाचा मुद्दाही लहान नाही. १९६२ मध्ये नवे नियम आले आणि व्युत्पत्तीचे, न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्यानंतरच्या बहुतेक पुनर्मुद्रणांत जुनी पुस्तके नव्या वेषात आली. गद्यात फारसे बिघडले नाही. कवितेत ऱ्हस्वदीर्घ आणि अनुस्वार हलले की वृत्त लंगडते, आणि कवीचे चुकले असे वाचक समजतो. १९६२ पूर्वीची प्रत कपाटात असेल तर तो अन्याय होत नाही.

विसाव्या शतकाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण पुढे त्याला स्वतंत्र प्रकरण दिले आहे. ‘श्यामची आई’ (१९३५) किंवा ‘कोसला’ (१९६३) यांच्या पहिल्या आवृत्त्या सगळ्यांना हव्या असतात. मर्ढेकरांचे ‘काही कविता’ १९४७ मध्ये आले आणि लगेच अश्लीलतेचा खटला झाला, म्हणून त्याची मूळ प्रत वाङ्मयाइतकीच कायद्याच्या इतिहासाचीही वस्तू आहे. पण खरी दुर्मीळता आहे पन्नास-साठच्या दशकांतल्या लघुअनियतकालिकांची. चक्रमुद्रित पाने, टाचण्या, गंजलेले डाग, पंचवीस-पन्नास मित्रांत वाटलेल्या प्रती. १८३० ची शिळाछाप पोथी मिळेल, ‘शब्द’चा अंक मिळणार नाही. वयावरून दुर्मीळता ठरत नाही. किती छापले, कोणी घेतले आणि कोणाला ते ठेवावेसे वाटले, यावर ती ठरते.

बाजाराविषयी. पुण्याचा जुना बाजार, अप्पा बळवंत चौकाच्या आसपासची दुकाने, मुंबईत फ्लोरा फाउंटनचा पदपथ, गावोगावचे रद्दीवाले, बंद पडणारी वाचनालये, वाडे पाडताना माळ्यावरून उतरलेली ट्रंक, एवढी या छंदाची भूमी. भावाला काही नियम नाही. विक्रेत्याला पुस्तकाचे महत्त्व कळले तर भाव वाढतो, आणि तो वाढवण्याचा त्याला हक्क आहे. त्याच्याकडून ज्ञान लपवून माल उचलण्यात मला कधी शौर्य दिसले नाही. रद्दीवाल्याला दोन गोष्टी सांगितल्या तर तो पुढची पोथी फाडत नाही, आणि आपल्याला बोलावतो. एका बाबतीत मात्र तडजोड नको. प्रतीवर ग्रंथालयाचा शिक्का असेल आणि ती रद्द केल्याची खूण नसेल, तर त्या ग्रंथालयाला कळवल्याशिवाय घेऊ नये. हस्तलिखितांना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होतो, ७५ वर्षांहून जुनी महत्त्वाची पोथी खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. परदेशस्थ मराठी मंडळी आजोबांचे बाड बॅगेत घालून नेतात, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

जपणुकीचे तपशील त्या त्या जागी येतील, पण काही गोष्टी इथेच सांगितल्या पाहिजेत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला चिंध्यांचा कागद अजून मऊ आणि मजबूत आहे. लाकडाच्या लगद्याचा आम्लधर्मी कागद त्यानंतर आला, आणि १८८० नंतरची पुस्तके पापडासारखी मोडतात. म्हणजे १८४५ ची ज्ञानेश्वरी उलटता येते आणि १९२० ची कादंबरी हातात चुरा होते. अशा पुस्तकांना उजेड आणि ऊब दोन्ही घातक. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नये, आत दमट हवा अडकते. सेलोटेप कधीच लावू नये. काही वर्षांनी चिकटा कागदात उतरतो, डाग तपकिरी होतो आणि काढता येत नाही. पाने लॅमिनेट करणे म्हणजे परतीचा रस्ता बंद करणे. फाटलेल्या पानाला गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ आणि जपानी कागद लावतात, ती पाण्याने पुन्हा सोडवता येते. आपल्या वाडवडिलांचे सुती रुमाल आणि वेखंड यांना मी अजूनही मान देतो. कसर वेखंडाला कंटाळते आणि सुती कापड श्वास घेते. आणि पुस्तके जमिनीच्या पातळीवर ठेवू नयेत. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले तेव्हा पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत तळमजल्यावरचे ग्रंथ एका दिवसात चिखल झाले.

या क्षेत्रात चालताना ज्यांच्या खांद्यांचा आधार घ्यावा लागतो त्यांची नावे घेतल्याशिवाय पुढे जाणे बरे नाही. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची ‘मराठी ग्रंथसूची’ केली आणि दुसऱ्या खंडात ती १९५० पर्यंत आणली. एका माणसाने ग्रंथालयांतून पुस्तक हातात घेऊन नोंद करायची, हे काम संस्थांनाही झेपणारे नव्हते. अ. का. प्रियोळकरांनी १९५८ मध्ये भारतातल्या मुद्रणाचा इंग्रजी इतिहास लिहिला, गोव्याचा आणि मुंबईचा आरंभ त्यांच्यामुळे उजेडात आला. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने आपल्या दोलामुद्रितांची सूची काढली. दोलामुद्रिते म्हणजे मराठी मुद्रणाच्या बाल्यावस्थेतली, साधारण १८६७ पर्यंतची पुस्तके. ही मर्यादा मनाने ठरवलेली नाही. १८६७ च्या २५ व्या कायद्याने छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत सरकारात देणे आणि नोंदवणे बंधनकारक झाले. तेव्हापासूनच्या त्रैमासिक याद्यांत छापखाना, किंमत, प्रतींची संख्या सगळे मिळते. त्याआधीच्या पुस्तकांना असा कागदोपत्री आधार नाही, प्रत हाच आधार. ब्रिटिश म्युझियममधल्या मराठी-गुजराती पुस्तकांची ब्लूमहार्ट यांची १८९२ ची सूचीही पाहावी, आपल्याकडे न राहिलेली काही पुस्तके तिथे नोंदलेली आहेत.

आता हे सगळे संगणकावर येते आहे, मग कागद कशाला, असे तरुण विचारतात. छायाचित्रात मजकूर दिसतो आणि तो सर्वांना मिळतो, याचा मला मनापासून आनंद आहे. प्रत्येक संग्राहकाने आपली दुर्मीळ प्रत छायाचित्रित करून खुली करावी, अडवून ठेवू नये. पण पानामागचा दाब, कागदाचा पोत, पोथीची लांबी-रुंदी, दोन प्रतींतला शाईचा फरक हे प्रत्यक्ष वस्तूतच राहते, आणि उद्याचा अभ्यासक काय विचारेल हे आपल्याला आज माहीत नाही. माडगावकरांचे पुस्तक जपणाऱ्यांना तरी कुठे ठाऊक होते की त्यातून कोणी मुंबईच्या छापखान्यांचा इतिहास काढील?

संग्रह करणाऱ्याच्या मागे त्या संग्रहाचे काय होते, हा प्रश्न बहुतेक जण टाळतात. मुले परगावी असतात, घर लहान होते, आणि चाळीस वर्षांचे जमवलेले एका टेम्पोत जाते. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, मुंबईचे १८९८ चे, पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चे, रत्नागिरीचे १८२८ चे. अशा संस्था खाजगी देणग्यांवर वाढल्या आहेत. पण पेटारे नुसते दाराशी उतरवले तर त्यांनाही ते सांभाळणे जमत नाही. देण्याआधी यादी हवी. लेखक, शीर्षक, छापखाना, शक आणि सन, आवृत्ती, पानांची संख्या, आकार, कोणती पाने नाहीत, कोणाकडून मिळाले, समासातल्या नोंदी असल्यास त्यांचा उल्लेख. अशी यादी तीन प्रतींत करून एक पुस्तकांबरोबर, एक घरच्यांकडे आणि एक ज्या ग्रंथालयाला संग्रह द्यायचा आहे त्यांच्याकडे आपल्या हयातीतच द्यावी. या पुस्तकाच्या अखेरच्या प्रकरणात तिचा कोरा तक्ता दिला आहे.